न मिटलेल्या तंट्याची भेळ

प्रेमभंग ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत खाजगी गोष्ट असते. तेजश्रीचा ग्रामपंचायतीच्या पडवीत, भरदुपारी, सतरंजी टाकून ठेवला होता. दहा-बारा माणसं आणि एक कुत्रं हजर होतं.

गाव तंटामुक्त करायचं होतं. बांधाचे, विहिरींचे, सामाईक भिंतींचे तंटे मिटवून झाले होते आणि समितीला आता मिटवायला काही उरलं नव्हतं. अशात अकरावीतल्या तेजश्रीनं जयसिंगरावांच्या इंद्रजीतला सोडलं आणि इंद्रजीतनं अन्न सोडलं. बातमी समितीच्या पथ्यावरच पडली.

तंटा मिटला की दोन्ही बाजूंनी एकत्र बसून भेळ खायची, असा अध्यक्ष सर्जेराव आप्पांचा दंडक होता. जयसिंगरावांनी ती आधीच मागवून ठेवली होती. पुडे खांबाशी रांगेनं मांडले होते आणि कागदाला तेल फुटत होतं. त्याच खांबाला टेकून, दाढी वाढवून, इंद्रजीत बसला होता.

तेजश्रीशेजारी तिचे वडील होते. बबनराव सणसवाडीच्या कंपनीतली रात्रपाळी करून, डोळे चोळत आले होते. निघतानाच त्यांनी तिला बजावलं होतं, "आज मिटलं तर घोडनदीचं कॉलेज. न्हाईतर घरी बसायचं. मला गावात राहायचंय."

"बोल पोरी," आप्पा म्हणाले, "भांडण कशावरनं झालं?"

"भांडण न्हाई झालं, आप्पा. मी सोडलंय त्याला."

"असं एकानं सोडून भागत नसतंय. दोन्हीकडची संमती लागती."

"धरायला लागती. सोडायला मी एकटी बास हाय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आप्पांनी तिकडं पाहिलं. कुत्र्यानंही पाहिलं.

आप्पांनी मग आपला हुकमी तोडगा काढला. भावकीतल्या सामाईक विहिरीला ते तो नेहमी लावत. वार वाटून द्यायचे. "सोमवार आन् गुरुवार तू त्याच्याशी बोलायचं. बाकीचं वार तुझं. त्यात त्यानं तोंड घालायचं न्हाई. थोडं तू सोड, थोडं त्यो सोडंल."

इंद्रजीतनं मान हलवून संमती दिली.

"व्हय म्हण की," बबनराव पुटपुटले. "दोनच तर वार हायेत."

तेजश्रीला क्षणभर ते खरंच सोपं वाटलं. दोन वार बोलायचं, बाकीचे शिकायचं. मग तिला तो मोबाइल आठवला. इंद्रजीतनंच दिलेला. तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा, ही अट. एकदा ती आंघोळीला गेली होती. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर त्यानं तिचं मनगट पिरगाळलं आणि वर रडला तोच. त्याची समजूतही तिनंच काढली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "मी काय विहीर न्हाई."

"अगं, पण तंटा..." आप्पा म्हणाले.

"त्यानं मनगट पिरगाळलं, तवा तंटा झाला न्हाई. मी त्याचा मोबाइल माघारी दिला, तवा झाला व्हय?"

बबनरावांनी डोळे चोळायचं थांबवलं.

जयसिंगराव गुडघ्यावर हात मारून पुढं सरकले. "पोरगं चार दिस जेवलं न्हाई माझं! औषध पितो म्हणतंय. उद्या काय बरंवाईट झालं तर जिम्मा कुणाचा?"

"त्यो तसं बोलला, त्याच दिवशी मी तुमच्या घरी आले हुते, मामा. मामींना सांगितलं. मामींनी फवारणीच्या समद्या बाटल्या पेटीत घालून कुलूप लावलंय. किल्ली त्यांच्या गळ्यात हाय. रोज रात्री त्याच्या उशाशी बसत्यात." ती थांबली. "तुम्हांला ठावं न्हाई?"

जयसिंगरावांना ठाऊक नव्हतं. ते समितीच्या जुळवाजुळवीत होते. त्यांनी मुलाकडं पाहिलं. मुलगा पुड्यांकडं पाहत होता.

तेजश्री उठली. खांबाशी थांबून म्हणाली, "जेव रे इंद्रजीत. माझ्यासाठी न्हाई. भूक लागली असंल म्हणून." आणि चपला घालता घालता, "आप्पा, उद्या सकाळच्या गाडीनं मी कॉलेजला चाललीय. आडवायचं असंल तर सतरंजी स्टँडवर टाका."

वडलांकडं न पाहता ती पायऱ्या उतरली. मागून दुसऱ्या चपलांचा आवाज येत राहिला. पाण्याच्या टाकीपाशी त्या चपला तिच्या बरोबरीला आल्या.

"कंचा हात?" बबनरावांनी विचारलं.

तिनं उजवा पुढं केला. त्यावर आता काहीच दिसत नव्हतं. तरी ते बराच वेळ पाहत राहिले.

"एसटीचा पास संपत आला असंल तुझा," ते म्हणाले. "मीबी येतो सकाळी. काढून टाकू."

तेजश्रीनं वळून पडवीकडं पाहिलं. न मिटलेल्या तंट्याची भेळ खाता येते का, हा प्रश्न समितीपुढं प्रथमच आला होता. आप्पा डोळे मिटून त्यावर विचार करत होते.

इंद्रजीतचा दुसरा पुडा चालू होता.