एका फ्रेमची शाल

"काढ म्हणजे काढ!" निर्माता टेबलावर हात आपटत ओरडला. "लोक आपलं शीर्षकगीत थांबवून थांबवून बघतायत. मध्येच पिवळं काय चमकतं, विचारतायत. कोणी म्हणतं छुपी जाहिरात, कोणी म्हणतं भुताटकी!"

"काढतो," संकलक म्हणाला. एडिटिंगच्या खोलीत येऊन त्याने ती पिवळ्या शालीची, पापणी लवायच्या आत सरणारी एकुलती फ्रेम उचलली आणि गुपचूप दोन दृश्यं पुढे नेऊन बसवली. ही तिसरी खेप. आज ना उद्या नोकरीवर गदा येणार होती.

फ्रेममधली शाल त्याच्या आईची होती आणि डोक्याला हा ताप बहिणीने लावून दिलेला. याच कार्यक्रमात, टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत, तिची निवड झाली, तेव्हा आईचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. स्पर्धक बंद घरात राहणार. बाहेरची बातमी आत पोचली, की स्पर्धक बाद. बहिणीने त्याच्यामागे टुमणं लावलं. दर शनिवारी शीर्षकगीत आतल्या पडद्यावरही दाखवत.

"दादा, त्यात आईच्या शालीची एक फ्रेम घुसव. दिसली तर समजेन, आई बरी आहे. नाही दिसली, तर त्याच पावली घरी येईन."

आणि आई? ठणठणीत होऊन त्याचंच डोकं खात होती. "माझ्या लेकीला नीट दाखवत का नाही रे तुम्ही? सारखी मेली ती दुसरीच!"

इकडे आई, तिकडे निर्माता. वैताग नुसता! द्यावी काढून एकदाची, येऊ दे तिला घरी, असं कितीदा मनात आलं. पण शीर्षकगीत संपलं की बहीण अशी काही जीव ओतून नाचायची, की त्याचा हात धजायचा नाही.

शेवटी ती जिंकली. दुसऱ्या दिवशी सकाळी थेट घरी आली. ना फोन, ना निरोप.

दार आईनेच उघडलं, मागोमाग तोही आला. खांद्यावर तीच पिवळी शाल. बहिणीच्या हातातला करंडक खाली आपटला. तिने आईचा दंड चाचपला, गाल चाचपला.

"अशी काय बघतेस? पहिल्यांदा बघतेयस का मला?" आई खेकसली.

बहीण मटकन पायरीवर बसली. भावाकडे न बघताच म्हणाली, "दादा, ती शाल मला एकदाही दिसली नाही रे."