सहा सत्रांचा तक्ता

“सांख्यिकी पहिल्याच सत्रात उरकून टाकायची,” वडील म्हणाले. “कडू औषध आधी घेतलेलं बरं.”

सल्लागार मॅडमनी मान डोलावली. डोलावताना ती कडकन वाजली. सकाळपासून हे चौदावं कुटुंब होतं. मानसशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकासोबत बसून तीन वर्षांचे विषय ठरवायचे, हे त्यांचं काम. समोरच्या पडद्यावर फक्त अर्ज क्रमांक आणि सहा सत्रांचे रिकामे चौकोन दिसायचे. नाव, वय, पत्ता सगळं प्रवेश कार्यालयाकडे. का, तर सल्ला देताना मनात कुणाबद्दल आधीच ग्रह नको.

कल्पना छान होती. पण माणसं तर समोरच येऊन बसायची.

हे वडील कडक इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या अगदी टोकाशी बसले होते. त्यांनी एक वही आणली होती. तिच्यात पट्टीने आखलेला तक्ता, तीन रंगांच्या शाईत. मुलगी बाजूला बसून पायाने टेबलाला ठेका धरत होती.

“दुसऱ्या सत्रात विकासात्मक मानसशास्त्र. संशोधन पद्धती चौथ्यात. आणि सकाळचे तास जमणार नाहीत, मॅडम. दुपारनंतरचेच धरा.”

सकाळी पोरीला घरकामाला जुंपत असतील, मॅडमच्या मनात आलं. त्यांनी मुद्दाम मुलीकडे बघत विचारलं, “बारावीला किती मार्क होते?”

मुलगी तोंड उघडणार इतक्यात वडीलच म्हणाले, “बासष्ट टक्के.” मग खाली बघत पुटपुटले, “तेव्हा अभ्यासाला म्हणावा तसा वेळ मिळाला नाही.”

मुलीने ओठ दाबून हसू आवरलं.

बिचारी! चारचौघांत मार्कांचा उद्धार होतोय आणि ती हसतेय. हे असलं हसू मॅडमच्या ओळखीचं होतं. स्वतः त्यांनी वडिलांच्या हट्टापायी दोन वर्षं प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुतल्या होत्या, अशाच हसऱ्या तोंडाने. तेव्हा एकानेही विचारलं नव्हतं, बाई गं, तुला काय हवंय?

“तुम्ही जरा बाहेर बसता का?” मॅडम वडिलांना म्हणाल्या. “मला हिच्याशी दोन मिनिटं बोलायचंय.”

“हिच्याशी?” वडील गोंधळले. मुलीकडे बघितलं. मुलीने खांदे उडवले. “बरं. घरच्यांशीही बोलत असाल तुम्ही.” वही छातीशी धरून ते बाहेर गेले आणि दार इतकं हळू ओढलं, जणू आत कुणी झोपलंय.

मॅडमनी गार झालेल्या चहाचा कप बाजूला सारला.

“घाबरू नकोस. हे मानसशास्त्राचं खूळ कुणाचं?”

“बाबांचं!” मुलगी खुदकन हसली. “मी लहान होते तेव्हापासून ऐकतेय. जेवताना तेच, झोपताना तेच. शेजारीण नवऱ्याशी भांडली, की लगेच तिच्या मनात काय चाललंय ते आम्हाला समजावून सांगतात.”

“आणि तुला काय आवडतं?”

“मला यंत्रं खोलायला आवडतात. माणसाचं डोकं खोलून मला काय मिळणार?”

“हे घरी बोललीस कधी?”

“छे! आई म्हणते, त्यांच्या आनंदावर विरजण घालायचं नाही. घरात दोन महिने नुसती तयारी चाललीय. वह्या काय, पेनं काय, नवीन दप्तर काय! मी तर दप्तर बघून कपाळावर हात मारला.”

“आणि समजा, नापास झालं तर?”

मुलीच्या पायाचा ठेका थांबला. पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला.

“तीच तर भीती आहे, मॅडम. सांख्यिकीत दांडी उडणार, मी लिहून देते. आणि मग बाबांचं तोंड... नाही बघवणार मला. रात्रंदिवस तेच येतं मनात.”

तिचे डोळे भरून आले होते. मॅडमनी टेबलावरून हात पुढे करून तिचा हात थोपटला. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की आपण खुर्ची नुसती झिजवत नाही.

“मनातलं बोललीस, बरं केलंस. आता काळजी माझ्यावर सोड. जा, त्यांना आत पाठव.”

“खरंच? थँक्यू, मॅडम!” नाक पुसत ती पळालीच.

सल्लागारांना एक अधिकार होता. ‘विद्यार्थ्याची इच्छा नाही’ असा शेरा मारला, की जागा तत्क्षणी मोकळी व्हायची आणि प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला आपोआप निरोप जायचा. हे परत फिरवता येत नसे. पाच वर्षांत मॅडमनी तो अधिकार एकदाही वापरला नव्हता. हिंमतच झाली नव्हती.

आज झाली. वडिलांना सांगू, जागा भरली, नियमच तसा आहे. शिव्या आपण खाऊ. पोरीचं नाव मध्ये येणार नाही.

त्यांनी बटण दाबलं. सहाही चौकोन करडे झाले. क्षणात पडद्यावर ओळ आली: जागा पुढील अर्जदारास दिली. आता या वर्षी एकही जागा शिल्लक नव्हती.

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. थकवा तसाच होता, पण आज तो कारणी लागला होता.

दारावर टकटक झाली. वडील आत आले. कपाळावरचा घाम पुसून, बाहेरच्या मुलीला ऐकू जाऊ नये अशा बेताने वाकून, लाजत त्यांनी विचारलं,

“मॅडम, हसू नका हं... पण वर्गात माझ्या वयाचं अजून कुणी असेल का हो?”