कोरी ओळ

धाकटी बहीण शैलजा इस्पितळाच्या खोलीत आली आणि कुमुदला तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की धरलेला तिचा हात कुमुदला सोडवेना. शैलजा बावरली. आईच्या वर्षश्राद्धापासून दोघींचा अबोला होता.

उशाशी उभ्या असलेल्या गृहस्थांना मात्र कुमुद अदबीने म्हणाली, "बसा ना." हे आपले यजमान, हे तिला पक्कं आठवत होतं. मग आत काहीच कसं हलत नव्हतं?

मेंदूत भावना परत भरणाऱ्या वृषालीने पडद्यावर फाइल उघडली. माणसांचा क्रम ठरलेला होता. शस्त्रक्रियेत भावना पुसल्या जाणार, म्हणून आधी कुमुदनेच त्या क्रमाने प्रत्येकाबद्दल काय वाटतं याची एकेक ओळ लिहून दिली होती.

"काका, काकूंनी शैलजाताईंची ओळ कोरी सोडलीय," वृषाली म्हणाली. "वाचणारा प्रोग्रॅम कोऱ्या जागेवर थांबत नाही, सरळ पुढचं उचलतो. तुमची माया ताईंना गेली, शेजाऱ्यांचा रामराम तुम्हाला. पुढे सगळंच सरकलंय. तिथे काय हवं होतं, सांगा. भरते आणि पुन्हा वाचायला लावते."

गृहस्थ शैलजाकडे बघत राहिले.

"काय होतं ते मला ठाऊक आहे. लिहायला कुमुदचा हात धजला नाही," ते म्हणाले. "तुम्ही असं करा, माझीच ओळ तिथेही उतरवा."

शैलजाला हुंदका फुटला.

किती भला माणूस! याची बायको नशीबवान, कुमुदच्या मनात आलं, आणि ती आणखीच गोंधळली.