मीरची माती

“माती कधी हाय, आप्पा?” शहादेवने ओट्याखाली चपला काढत विचारलं.

“माती न्हाई,” विरुपाक्ष म्हणाला. “समुद्रात सोडला.”

शहादेव मटकन खाली बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. आपला एसटीडी बूथ बंद करून तो आला होता. केजमध्ये एवढा मान फार थोड्या मयतांना मिळत असे.

गेलं होतं ते रशियाचं अंतराळस्थानक. नाव मीर. वजन शंभर टनांच्या वर, आत माणसं राहायची. पुढे रशियाचं दिवाळं निघालं, ठिगळं लावणारेही थकले, आणि आज दुपारी रेडिओने सांगितलं, की ते पॅसिफिक महासागरात पाडलं. विरुपाक्षने रेडिओ बंद केला, किराणा दुकानाचं शटर ओढलं आणि ओट्यावर येऊन बसला. वडील वारले तेव्हासुद्धा त्याने गिऱ्हाइकांसाठी मागचं दार उघडं ठेवलं होतं.

मीर केजवरून जायचा. दिवस मावळल्यावर, ठळक चांदणीसारखा, ना घाई ना गडबड, चार-पाच मिनिटांत आभाळाच्या या टोकाचा त्या टोकाला. विरुपाक्ष बीडच्या इंटरनेटच्या दुकानातून वेळा काढून आणायचा, आणि “मीर यायची वेळ झाली” म्हणत अर्धी तोललेली साखर तागडीत सोडून गच्चीवर पळायचा. पळता पळता समोर येईल त्याला म्हणायचा, “चला की, बघा तरी एकदा.” दुर्बीण लागत नव्हती, तिकीट लागत नव्हतं. मान वर करायची, एवढंच काम. देशाचा बाजार खुला झाल्यापासून केजमध्ये शाम्पूच्या पुडीपासून डिशच्या छत्रीपर्यंत सगळं खपलं होतं. फुकट असून कुणी न उचललेला माल हा एकच. विरुपाक्षचं मागणंही फार नव्हतं. आपल्याशिवाय आणखी एकाने तरी मीर बघावा. नाहीतर उद्या तो होता, हे कुणाच्या तोंडाने सांगायचं?

बायकोला, नीलम्माला, तो गच्चीवरून हाका मारायचा. ती खालून ओरडायची, “तव्यावर भाकरी हाय!” मीरची आणि भाकरीची वेळ एकच पडायची. याला रशियाचाही इलाज नव्हता.

आज समोरच्या चंद्रभागाबाईने दुकान कावून बंद म्हणून विचारलं, तेव्हा नीलम्माने खरं तेच सांगितलं.

“त्यांचा मीर गेला.”

मीर नावाचं कुणीतरी संध्याकाळचं आप्पाकडे येतं, एवढं पेठेने ऐकलेलं होतं. कुणी ते बीडचे मीरसाहेब धरले, कुणी औरंगाबादचे, जुन्या निजामी खानदानातले. दिवस कलला तसा ओटा भरत गेला.

विरुपाक्षला भरून आलं. लोक आपण होऊन मीरबद्दल विचारत होते.

“आजारी व्हते का?” धुळाजी पानवाल्याने विचारलं.

“लई दिसांपासून. हवा टिकत नव्हती आत.”

“दमा,” शहादेवने मागच्यांना समजावलं.

“मधी एकदा आगबी लागलती. त्यातून निभावला.”

“आरारा! वय काय आसंल?”

“पंधरा.”

खानदानी मीरसाहेबांचं एकदम लेकरू झालं होतं.

“शेवटाला जवळ कोण व्हतं त्याच्या?” धुळाजीने हळूच विचारलं.

“कुणीच न्हाई. माणसं मागल्या सालीच निघून गेली. येकटाच फिरत व्हता.”

धुळाजीने उपरण्याने डोळे पुसले. ते पाहून विरुपाक्षनेही पुसले. एवढी वर्षं ही माणसं उगाच दगड वाटली आपल्याला, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात चंद्रभागाबाई फडक्याखाली झाकलेली परात घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवून डोक्यावरचा पदर सावरत बाजूला उभी राहिली. विरुपाक्षने फडकं उचललं. भाकरी आणि पिठलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजारचे आणतात, तो कडू घास.

विरुपाक्ष परातीकडे बघत राहिला. मग ओट्यावरच्या खाली घातलेल्या मानांकडे त्याने एकेक करून पाहिलं. दमा, पंधरा वर्षांचं लेकरू, एकट्याने फिरणं, सगळं त्याच्या डोक्यात उलटं फिरून जागेवर बसलं. गप्प राहिलं तर मीरला निदान रडणारी माणसं मिळत होती. पण ती भलत्याच मीरला रडत होती.

“आवो,” तो म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, “आवो, तो माणूस नव्हता.”

“देवमाणूस व्हता, आप्पा,” धुळाजी म्हणाला. “आमी काय वळकत न्हाई व्हय तुमाला? तुमी साध्या माणसासाठी दुकान बंद करताल का?”

सगळ्यांनी माना हलवल्या. विरुपाक्षने हातातलं फडकं डोळ्यांना लावलं. धुळाजी सरकून जवळ आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट सरळ आभाळाकडे केलं.

“रडू नगा. कुटं गेला न्हाई तो. वर हाय. बघा, वर बघा.”

शहादेवने वर पाहिलं. ओट्यावरच्या एकूण एक माणसाने वर पाहिलं. चंद्रभागाबाईने पदर मागे सारून पाहिलं. आज तव्यावर भाकरी नव्हती म्हणून नीलम्मा उंबऱ्यात आली, आणि तिनेही मान वर केली.

दिवस नुकताच मावळला होता. आभाळ लख्ख होतं. मीर असता, तर सगळ्यांना दिसला असता.