दीड मीटर

सांगली-मिरज रस्त्यावर हुपरीकरांच्या सायकलची चेन निसटली आणि ते भर रस्त्यात आडवे झाले. मागून येणाऱ्या मोटारींनी त्यांना केव्हाच हेरलं होतं. एकेक मोटार बरोबर दीड मीटर अंतर राखून अलगद वळसा घालून गेली. स्टीअरिंग नसलेल्या त्या मोटारींत माणसं झोपली होती, नाहीतर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसली होती. सायकलवाले आता गाडीखाली येत नसत, त्यामुळे बाहेर बघायची कुणाला गरजच उरली नव्हती.

गुडघा खरचटला होता. उठता आलं असतं, पण हुपरीकर तसेच बसून राहिले. बायको गेल्यापासून घरीही असंच होतं. सगळं आपोआप चालायचं, बोलायचं कुणी नाही.

तेवढ्यात करकचून ब्रेक लागले. हाताने चालवायची एक जुनाट जीप त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. खिडकीतून एका बाईने डोकं बाहेर काढलं.

"ओ काका, मरायचंय का? घरी सांगून आलाय का?"

किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्यावर ओरडलं होतं! हुपरीकर तिच्याकडे बघतच राहिले.

"घरी सांगायला कुणी नाही हो," ते म्हणाले. "तुम्ही अजून एकदा ओरडा की."