नर्सबाईंची पाठ

"पाठ तेवढी सरळ करा," पुतळ्याभोवती एक फेरी मारून अध्यक्षांनी निकाल दिला. "बाकी सगळं फर्स्ट क्लास."

ती शिडीवरून खाली उतरली. कोपरापर्यंत लागलेली माती वाळून भेगाळली होती. गेले चार महिने ती या पुतळ्याशी झटत होती आणि आज इस्पितळाची पुतळा समिती पाहायला आली होती. समिती म्हणजे अध्यक्ष आणि चिटणीस, दोघंच.

पुतळा मातीचा होता, माणसाहून जरा मोठा. चाळीस वर्षं प्रसूतिगृहात बाळंतपणं केलेल्या नर्सबाई. गेल्या वर्षी त्या वारल्या. आता ब्राँझच्या होऊन इस्पितळाच्या दारात उभ्या राहणार होत्या. पण उभ्या तरी कशा? कमरेतून वाकलेल्या, गुडघे मुडपलेले, दोन्ही हात पुढे.

"पुतळा कसा ताठ हवा," अध्यक्ष म्हणाले. "चौथऱ्यावर चढवायचाय. येणाऱ्याजाणाऱ्यानं मान वर करून बघायला पाहिजे. हे म्हणजे बाईंचं काहीतरी खाली पडलंय आणि त्या शोधतायत, असं वाटतं."

चिटणीस फिसकन हसले आणि लगेच खोकले.

"मग चौथरा नको," ती म्हणाली. "जमिनीवरच उभ्या करा. ताठ उभं राहून बाळ कसं झेलणार?"

"झेलणं वगैरे दाखवायलाच हवं का मॅडम? हातात एखादी फाईल द्या. शोभून दिसेल."

तिनं दोघांना भिंतीपाशी नेलं. नर्सबाईंचा तिला एकच फोटो मिळाला होता, ओळखपत्रावरचा, गळ्यापर्यंत. त्यामुळे सगळा उन्हाळा ती रंगपेटी घेऊन प्रसूतिगृहाच्या कोपऱ्यात बसली होती. नर्सबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या पाच जणी तिथे कामाला होत्या. एक उंच, एक ठेंगणी, एक काटकुळी, दोघी चांगल्या जाडजूड. पण पलंगाजवळ गेल्या की पाचही जणी एकसारख्या वाकायच्या. भिंतीवर त्यांची सतरा चित्रं टाचलेली होती. कुणाला चेहरा नव्हता. नुसत्या पाठी.

"चित्रं सुरेख आहेत," अध्यक्ष मनापासून म्हणाले. "एखादं आमच्या कार्यालयात लावू. पण पुतळा सरळ हवा. सोमवारी ओतारी साचा घ्यायला येतोय, तेव्हा काय ते आजच सांगा. तुम्हाला जमत नसेल तर दुसरे एक जण आहेत. सांगू तसं करून देतात."

कोपऱ्यात पिंपातली माती मळत बसलेली तिची धाकटी बहीण उठून तिच्याजवळ आली.

"ताई, ऐक माझं. चार महिने घासलीस. नुसती पाठ तर सरळ करायचीय."

"नुसती पाठ नाही गं. आतला लोखंडी सांगाडा कापावा लागेल."

"मग कापू. मी धरते ना."

"नाही कापायचा."

बहीण मुकाट्यानं पिंपाकडे परत गेली. या सुरापुढे आपलं काही चालत नाही, हे तिला परकर नेसायच्या वयापासून माहीत होतं.

ती पुन्हा पुतळ्यासमोर उभी राहिली. खांद्यांवरून कमरेपर्यंत नजर नेली. मग अध्यक्षांना म्हणाली, "तुम्ही ओळखायचात त्यांना?"

"ओळखायचात काय! त्यांच्याच हातचा आहे मी." अध्यक्षांचा आवाज एकदम उतरला. "आई सांगायची, मी रडलोच नव्हतो. निळा पडलो होतो. डॉक्टरांनी आशा सोडली, बाईंनी नाही सोडली. अहो, म्हणून तर जीव तोडून सांगतोय. त्यांचा मान राहायला नको? एवढी मोठी बाई, आणि जन्मभर वाकलेलीच दाखवायची?"

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतका वेळ तिला वाटत होतं, माणूस नुसताच खुर्चीवर बसलेला आहे. तसा तो नव्हता. पण म्हणून पाठ सरळ होणार नव्हती.

ती पिंपापाशी गेली. बहिणीनं नुकताच मळून ठेवलेला गोळा दोन्ही हातांनी उचलला. तीनेक किलोचा असेल, ओला, बुळबुळीत.

"अध्यक्षसाहेब, धरा!"

आणि दोन पावलांवरून तिनं तो टाकलाच.

"अहो मॅडम!" चिटणीस ओरडले.

अध्यक्षांना ओरडायलाही फुरसत मिळाली नाही. दोन्ही हात आपोआप पुढे झाले, गुडघे मुडपले, पाठ वाकली. गोळा पोटाशी धप्पकन आला. पांढऱ्या शर्टावर मातीचे ओघळ उतरले.

"हलू नका!" ती म्हणाली. "अगदी असेच राहा."

तिनं मापाचा कंपास घेतला आणि त्यांच्या मागे जाऊन मानेपासून कमरेपर्यंत मापं घ्यायला सुरुवात केली. एक माप घ्यायची, पुतळ्याकडे जायची, लावून बघायची, परत यायची. बहिणीनं पदरानं तोंड झाकून घेतलं.

"बघ," ती बहिणीला म्हणाली, "मी कमीच वाकवलंय. चांगलं दोन बोटं कमी."

अध्यक्ष काहीतरी जोरात बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात गोळा बोटांतून निसटायला लागला. त्यांनी तो घाईनं छातीशी ओढला आणि आणखी खाली वाकले.

"डोकं सांभाळा," ती मागून म्हणाली.

अध्यक्षांनी एक तळहात अलगद गोळ्याच्या वरच्या टोकाखाली सरकवला.