कोरी जर्सी

"सर, आता जाऊ?" अर्जुनानं पुन्हा विचारलं.

जिनदत्त सरांनी मैदानावरची नजर काढली नाही. "थांब जरा," ते म्हणाले.

साताऱ्याच्या मैदानावर कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉल स्पर्धेची फायनल चालली होती. सरांचं सांगलीचं कॉलेज यजमान साताऱ्याच्या दोन टचडाऊननी पुढं होतं; बॉल घेऊन समोरच्याची शेवटची रेषा ओलांडली की एक टचडाऊन. हंगामाच्या सुरुवातीला या खेळाचं नावही कुणाला धड माहीत नव्हतं. सरांनी तालमीतली पोरं गोळा केली, कबड्डीतली केली, पुण्याच्या एका संघाकडून जुनी हेल्मेटं मागून आणली. "फुटबॉल म्हणायचं आन् पाय लावायचा न्हाई, ह्यो कसला खेळ?" असं म्हणून लोक हसले. मग पोरं एकामागून एक सामना मारत गेली, आणि तेच लोक विचारायला लागले, पुढची मॅच कवा?

अर्जुना मलकापूरचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. पळायला मंद, पण अंगानं दणकट. सरावात मुख्य संघासमोर धडका खायला कुणीतरी उभं राहावं लागतं. ते काम त्याचं. कॅप्टन जयराज बॉल काखेत मारून समोरच्याला हुलकावणी द्यायला शिकला, तो अर्जुनावरच. संध्याकाळी हॉस्टेलवर जाताना अर्जुनाचा खांदा सुजलेला असायचा. सामन्याच्या दिवशी मात्र तो बाकावर. त्यानं कधी तोंडातून ब्र काढला नाही. फायनलच्या आदल्या आठवड्यात तेवढा सरांच्या दारात येऊन उभा राहिला.

"आबा सुट्टीवर आल्यात, सर. फायनल बघाय येतो म्हणत्यात." मान खाली घालून तो म्हणाला, "मी खेळतोय असं वाटतंय त्यास्नी."

अर्जुनाचे वडील नाथाजी फौजेत हवालदार होते. लडाखकडं असत. वर्षातून एकदा घरी येत.

"फायनलला तुला उतरवतो," सर म्हणाले. "शब्द दिला."

देताना तो शब्द खराच होता.

आता सर मनाशी म्हणत होते, आणखी एक टचडाऊन होऊ दे, मग याला उतरवू. तो झाला नाही. उलट साताऱ्याच्या पोरांनी एक मारला. पुन्हा चढून आली तेव्हा ती अगदी रेषेपाशी अडली. ओरडून ओरडून सरांचा घसा बसला. अर्जुना हेल्मेट घालून, हनुवटीचा पट्टा आवळून कडेला उभा होता. तो पुन्हा विचारायला आला नाही.

अखेर बॉल सांगलीच्या हातात आला. वेळ संपतच आली होती. आता खेळण्यासारखं काही उरलं नव्हतं. जयराजनं बॉल घ्यायचा, गुडघा टेकायचा आणि घड्याळ पळू द्यायचं, एवढंच. अशा वेळी त्याला आडोसा द्यायला पुढं कुणीही उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. हे सरांइतकं तिथं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्यांचे डोळे पाहुण्यांच्या टेबलावरच्या ढालीवर होते. अर्जुनाचं नाव त्यांच्या मनातही आलं नाही.

शिट्टी झाली. गुलाल उडाला. पोरांनी सरांना खांद्यावर घेऊन नाचवलं. खाली उतरल्यावर त्यांना बाक दिसला. रिकामा. ते अर्जुनाला शोधत निघाले.

अर्जुना पाण्याच्या टँकरच्या आडोशाला उकिडवा बसला होता. गळक्या नळाखालची ओली माती मुठीत घेऊन तो आपल्या पांढऱ्या जर्सीला चोळत होता. आधी छातीवर. मग कोपरांवर. मग पँटच्या गुडघ्यांवर.

सर जवळ जाऊन उभे राहिले.

"आबांनी विचारलं तर खेळला म्हणा, सर," वर न बघताच तो म्हणाला. "हेल्मेटात कुणाचं त्वांड कळतंय? नंबरबी सांगितला न्हवता मी त्यास्नी."

त्याच्या आवाजात राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. राग नव्हता.

तेवढ्यात नाथाजी आलेच. ताठ चालीचा, कानशिलावरचे केस पिकलेला माणूस. त्यांनी पोराकडं वरून खालपर्यंत पाहिलं. कोपरावरची ओली माती हातानं पुसली.

"दमलास का रं?"

"व्हय, आबा."

नाथाजी सरांकडं वळले. "कसं खेळलं आमचं पोरगं, साहेब?"

"चांगला खेळला," सर म्हणाले. ते जमिनीकडं बघून म्हणाले. अर्जुनाचा चेहरा मात्र उजळला.

"जा, हातपाय धू. मग निघू," नाथाजींनी त्याला सांगितलं. तो लगबगीनं मैदानाच्या टोकाला असलेल्या नळांकडं गेला. नाथाजी त्याच्या पाठीकडं बघत राहिले. मग हळू आवाजात बोलले.

"आवं साहेब, खाली कशाला बघताय? त्याला वाटतंय मला कळलं न्हाई. तसंच ऱ्हाऊ द्या. एवढा बाप्या झाला, पर मी त्याला सुट्टीपुरताच बघितलाय. परवा परत जायचं. मॅच कशी झाली ते खरंच ठावं न्हाई मला. मी सगळा येळ बाकाकडंच बघत हुतो."